ओढ आणि आनंद

आनंदाची इच्छा कोणाला नसते? परंतु आनंद म्हणजे नेमके काय, आणि तो मनुष्याच्या शरीरात कोठे उपजतो, हा प्रश्न पुष्कळ काळ तत्त्वज्ञांचा व कवींचाच मानला जात असे. विसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रयोगशाळेत येऊन पोहोचला, आणि त्याला निमित्त झाला एक उंदीर!

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर हे संशोधक उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून विजेचा सौम्य प्रवाह सोडीत व त्यांच्या वागणुकीचे निरीक्षण करीत. एका उंदराच्या मेंदूत ती तार योजलेल्या जागी न बसता दुसऱ्याच जागी बसली. तेव्हा असे आढळले की, ज्या कोपऱ्यात त्याला तो प्रवाह मिळाला, तेथेच तो पुनःपुन्हा परत येई. पुढे अशा उंदरांसमोर एक दांडी ठेवण्यात आली. ती दाबली की मेंदूत वीज पोहोचे. काही उंदरांनी ती तासाला दोन हजारांहून अधिक वेळा दाबली! मेंदूतील सुखाचे स्थानच सापडले, असे पुष्कळांना वाटले.

पण तो उंदीर खरोखर सुखी होता काय? मेंदूच्या या भागांत डोपामाइन नावाचे द्रव्य कार्य करते; म्हणून त्यालाच सुखाचे द्रव्य समजण्यात येऊ लागले. १९८९ साली केंट बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या समजुतीला धक्का बसला. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले होते, ते समोरचे अन्नही आपण होऊन खात नसत. तथापि त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडताच ते इतर उंदरांप्रमाणेच ओठ चाटीत. गोडी त्यांना कळत होती. नाहीशी झाली होती ती केवळ ओढ. हवेसे वाटणे निराळे आणि आवडणे निराळे, हा या प्रयोगाचा बोध होय.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोगही असेच उद्‌बोधक आहेत. फळांचा रस अकस्मात मिळाला की माकडाच्या डोपामाइन-पेशी उत्तेजित होत. परंतु रसापूर्वी ठरावीक खूण दिसते हे माकडाला कळल्यावर त्या पेशी खुणेलाच प्रतिसाद देत. प्रत्यक्ष रस मिळताना त्यांत वाढ होत नसे. नव्या वस्तूचे अप्रूप लवकर का ओसरते, हे यावरून थोडेसे उमगते. एक वस्तू हाती येते न येते तोच मन दुसरीकडे धावते. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती पाहणाऱ्या मुलाने स्वतःला एकदा विचारावे : हे मला आवडते आहे, की नुसतेच हवे आहे?

मग आनंद वाढवावा कसा? २००३ साली रॉबर्ट एमन्स व त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टी लिहून काढल्या. दुसऱ्या गटाने आपल्याला झालेल्या कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले जीवन अधिक समाधानाचे वाटले. दोन्ही गटांचे दिवस सारखेच होते. लक्ष मात्र निरनिराळ्या गोष्टींकडे होते.

याचा अर्थ दुःख नाकारावे असा नव्हे. मन दीर्घकाळ खिन्न राहिले तर वडीलधाऱ्यांना सांगावे, वैद्यकीय साहाय्य घ्यावे. परंतु तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, पहिल्या पावसाने दरवळलेली माती, मित्राने आपल्यासाठी राखून ठेवलेली जागा, यांकडे क्षणभर थांबून पाहण्यास पैसा लागत नाही. ओढ मनुष्याला पुढे नेते, हे खरे. पण आनंद घ्यावयाचा तर त्याला थांबावेही लागते.

स्वाध्याय
१. उंदरांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडल्यावर काय दिसून आले? त्यावरून कोणता बोध झाला?
२. नव्या वस्तूचे अप्रूप का ओसरते, ते सोदाहरण लिहा.
३. आठवडाभरात ज्यांबद्दल कृतज्ञता वाटली अशा पाच गोष्टी वहीत लिहा.