कोल्ड रूम घेताय? आधी उष्णतेचा हिशोब

व्हिडिओत दाखवलेलं एनर्जीप्लस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात कोल्ड रूमसाठी ‘वॉक-इन’ निवडायचं. पॅनेलची माहिती सगळे नीट भरतात; पण दार किती वेळ उघडं राहतं, माल कधी भरला जातो, हे अंदाजाने ठोकतात. बिल तिथेच चुकतं.

आता कंडेन्सर. समजा, खोलीतून ३ किलोवॅट उष्णता काढायचीय आणि कॉम्प्रेसर १.५ किलोवॅट वीज खातो. युनिट दुकानातच ठेवलं, तर ४.५ किलोवॅट उष्णता दुकानात! एसीचा सीओपी ३ धरला, तर ती काढायला आणखी १.५ किलोवॅट वीज. म्हणजे दुप्पट की हो! म्हणून मॉडेल दोनदा चालवा, कंडेन्सर आत आणि बाहेर. बाहेर युनिट लावायला गाळामालकाची परवानगी मिळेल का, हे कर्जाचा अर्ज भरण्याआधी विचारा.