गुलाबी भात

रोहिणी नक्षत्र लागले. अलिबाग-मुरूडकडे राब भाजून तयार आहेत. आता बियाणे काढायचे.

पूर्वी घरोघर भाताची मुडी असे. पेरून उरलेले भात कांडायचे आणि शिजवायचे. आजी तसेच करी, आई तसेच करी. त्यात वावगे काही नव्हते. ते बी घरचे होते.

आता बी दुकानातून पिशवीत येते. दाणे नीट पाहा. गुलाबी, लाल, निळे, हिरवे दिसतात का? असे भात शेतात पिकत नाही. बुरशीचे औषध चोळले आहे हे कळावे, म्हणून तो रंग देतात. औषधाने रोप वाचते, पण माणसाच्या पोटात ते विषच.

"धुऊन घेतलं तर चालेल की!" असे कोणी म्हणेल. मग इराक देशात काय झाले ते ऐका. 1971 साली तिथे परदेशातून गव्हाचे बियाणे आले. त्याला पाऱ्याचे औषध होते, लालसर रंग होता. पोत्यांवर सूचना होती, पण परक्या भाषेत. खेड्यातल्या माणसांना ती वाचता येईना. काहींनी गहू धुतला. रंग गेला, विष राहिले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिला. कोंबड्या ठणठणीत! मग घरात रोट्या भाजल्या. ते विष सावकाश चढणारे. काही आठवड्यांनी हातपाय बधिर झाले, तोल जाऊ लागला, डोळ्यांना दिसेना. 6,530 माणसे रुग्णालयात गेली. त्यांतली 459 दगावली. घरी मेले ते वेगळेच.

आपल्याकडे 1966 चा बियाणे कायदा आहे. औषध लावलेल्या बियाण्यावर तसे लिहावे लागते. माणसाने खाऊ नये, जनावरांना घालू नये, तेल काढू नये, अशी सूचनाही असते. तुम्ही आता वाचता. ती ओळ शोधा. मराठीत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

घरी औषध लावाल तर मिठाच्या पाण्यातून भात आधी काढा, धुवा, सावलीत वाळवा. औषध शेवटी. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा. स्वयंपाकाची परात घेऊ नका. आणि विडी तर नकोच. अशा भाताला कधी कधी रंग चढत नाही. म्हणून पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: विष. दोनच अक्षरे आहेत.

उरलेले बी कणगीत ओतू नका, कोंबड्यांपुढे टाकू नका. त्याच पिशवीत बांधून पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा. रिकाम्या पिशवीत तांदूळ भरू नका.

एखाद्या पोराने दाणे खाल्लेच, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. पिशवी बरोबर न्या. औषधाचे नाव डॉक्टरांना तिच्यावरूनच कळेल.