परदेशातील पहिले घर आणि लष्करच्या वाड्यातील हिस्सा

लष्कर हे आमच्या शहराचे नावच मुळी छावणीचे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यापाशी तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, सराफा भरला आणि परमुलखातून आलेली माणसे येथलीच झाली. आज त्याच सराफ्यातील व दालबाजारातील घरांची मुले इंग्लंडात जाऊन राहतात. पगार बेताचा, भाडे जबर. म्हणून लवकरच स्वतःच्या घराचा विचार सुरू होतो. त्या व्यवहारातील एका गोष्टीची गाठ थेट येथील वाड्याशी पडते. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

इंग्लंडात घर घेणाऱ्यास सरकारला मुद्रांकशुल्क द्यावे लागते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३ लाख पौंडांच्या घरावर ते ५,००० पौंड होते; पण 'पहिले घर' घेणाऱ्यास याच किमतीवर संपूर्ण माफी आहे. आता पहिले म्हणजे कोणते? आपण समजतो, त्या देशातले. कायदा म्हणतो, जगाच्या पाठीवरले. कोठेही राहत्या घराची मालकी वा तीतील हिस्सा पूर्वी मिळाला असेल, मग तो खरेदीने असो, वारशाने असो की बक्षीसपत्राने, तर माफी गेली. पुढे हक्कसोडपत्र केले तरी ती परत येत नाही. पतिपत्नी मिळून घर घेत असल्यास दोघांनाही ही अट लागू आहे.

याहून जड भाग पुढेच आहे. तो हिस्सा खरेदीच्या दिवशीही नावावर असून ४०,००० पौंडांचा वा अधिक किमतीचा असेल, तर नवे घर 'दुसरे' ठरते आणि संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा शुल्क बसते. (वारशाने आलेल्या निम्म्यापर्यंतच्या हिश्शास तीन वर्षे यातून सूट आहे, बक्षिसाने दिलेल्यास ती नाही.) म्हणजे शून्याच्या जागी २०,००० पौंड! वर्षाला ४०,००० मिळविणाऱ्याची ही अर्ध्या वर्षाची कमाई होय.

आमच्या घरी हे उशिरा कळले. थोरल्याच्या लग्नात, पुढे भावाभावांत कटकट नको म्हणून, वाड्याचा एक भाग आम्ही हौसेने त्याच्या नावे करून दिला होता. असे बक्षीसपत्र नोंदणीस नेण्यापूर्वी मुलाने तेथील सॉलिसिटरचा सल्ला घ्यावा, हे आम्हास कोणी सुचविले नाही, आणि आम्हासही सुचले नाही.

पैशाच्या मदतीविषयीही दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. मात्र ती व्यक्तीने आपल्या खात्यातून पाठवावयाची. भागीदारीच्या पेढीस वा हिंदू अविभक्त कुटुंबास ही वाट मोकळी नाही. शिवाय तेथील कर्ज देणारी बँक वडिलांकडून लेखी पत्र मागते की ही रक्कम देणगी असून परत घ्यावयाची नाही व घरावर आपला हक्क नाही. आमच्यापैकी अनेकांना मुलाला दिलेली रक्कमही खातेवहीत त्याच्या नावे लिहिण्याची सवय आहे. तशी नोंद करून वर असे पत्र देणे म्हणजे खोटे लिहून देणे होय.

धाकटा गेल्या वर्षी घर पाहू लागला, तेव्हा वाड्याचा कागद आम्ही हलविला नाही.