मासिक पाळीतील वेदना : कारणे आणि उपाय

आपल्या मुली आज शाळा-कॉलेजात जात आहेत, स्पर्धा परीक्षांना बसत आहेत, नोकरीत उतरत आहेत. परंतु त्यांतील कित्येकजणींचे महिन्यातील एक-दोन दिवस पोटाशी पाय घेऊन अंथरुणावर पडून जातात. "बाईच्या जन्माला हे सोसावेच लागते," असे म्हणून घरात हा विषय संपवला जातो. वास्तविक या वेदनेचे कारण शास्त्राला माहीत आहे आणि तिच्यावर उपायही आहेत. आम्ही डॉक्टर नव्हे. पण ही साधी माहिती घरोघरी पोचावी म्हणून हा लेखनप्रपंच.

वेदना का होते?

गर्भाशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. दर महिन्याला तिच्या आत अस्तर तयार होते आणि गर्भ राहिला नाही की ते गळून पडते. त्या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळले जाते व स्राव बाहेर पडतो. ही द्रव्ये प्रमाणाबाहेर वाढली की स्नायू जोराने आवळतात, त्यांचा रक्तपुरवठा काही क्षण कमी पडतो आणि कळ येते. कंबर व मांड्या भरून येणे, मळमळ, जुलाब, डोकेदुखी हे त्रासही होतात. या द्रव्यांवरील संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि व्हेन या शास्त्रज्ञांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा मुलगी कळ आली म्हणते ते नाटक नव्हे, हे आधी घरातील सर्वांनी समजून घ्यावे.

असे दुखणे बहुधा पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सुरू होते, स्रावाबरोबर येते आणि दोन-तीन दिवसांत थांबते.

उपाय कोणते?

१) शेक : गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट व कंबर शेकल्यास स्नायू सैल पडतात. पिशवी कापडात गुंडाळावी, म्हणजे कातडी भाजत नाही.

२) हालचाल : नियमित चालणे, व्यायाम व योगासने यांनी त्रास कमी होतो. पाळीत आंघोळ करू नये, कोपऱ्यात बसावे या समजुतींना शास्त्राचा आधार नाही. उलट कोमट पाण्याच्या आंघोळीने आराम वाटतो.

३) औषध : आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यासच अटकाव करतात. म्हणून कळ असह्य होईपर्यंत न थांबता, दुखणे सुरू होताच ती घेतल्यास गुण येतो. मात्र ती जेवणानंतर घ्यावीत आणि मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. पोटात अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास, तसेच गरोदरपणाची शक्यता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊच नयेत. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दुखणे वर्षानुवर्षे वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, पूर्वी त्रास नसताना पंचविशी-तिशीनंतर तो नव्याने सुरू झाला असेल, तासा-तासाला पॅड भिजत असेल, किंवा ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर थांबू नये. गर्भाशयातील गाठी, जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे अस्तरासारखी पेशीजाले गर्भाशयाबाहेर वाढणे, ही कारणे त्यामागे असू शकतात. पाळी चुकलेली असून पोटात अचानक तीव्र कळ आली तर तातडीने दवाखाना गाठावा.

अज्ञानाची किंमत

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीसमोर २०१९ साली जी माहिती आली, तीत सर्वेक्षण झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिकजणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत अनेकजणी चाळिशीच्या आतील होत्या. पाळीचा त्रास, ओटीपोटाचे दुखणे, अंगावर जाणे अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. कामाचा एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. उसाच्या फडात ना संडास, ना पुरेसे पाणी, ना विश्रांती. "पिशवी काढली की कटकट मिटेल," हा सल्ला अशा स्त्रीला सुटकेचा वाटला तर नवल नाही. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते आणि बीजकोषही काढले तर ती लगेच येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात. म्हणून कोणी पिशवी काढण्यास सांगितले तर अन्य उपाय करून पाहिले आहेत का, हे विचारावे आणि सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. तो प्रत्येक स्त्रीचा हक्क आहे.

विद्यार्थिनींनी पाळीची तारीख, दुखण्याचे दिवस आणि घेतलेले औषध वहीत टिपून ठेवावे. डॉक्टरांना या नोंदीचा फार उपयोग होतो. आणि वडील व भावांनी त्या दिवशी पाणी गरम करून द्यावे, औषध आणून द्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या घरातील एक जरी मुलगी या माहितीमुळे परीक्षेला निर्धास्त बसू शकली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.