न वटलेला चेक

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंक मी चाळिशी ओलांडल्यावर वाचला. अंक मार्च १९६३ चा, किंमत १२ सेंट. मला मिळाला तो मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, एका जाडजूड कृष्णधवल संग्रहात. पहिल्या रात्री निम्मा अंक फार आवडला आणि उरलेल्या निम्म्याचा राग आला. नंतर चार-पाचदा वाचला, तेव्हा काही गोष्टी उमगल्या.

१. कीर्ती ऐकून वाचायला बसू नये. मी बसलो आणि पहिली दहा मिनिटं सगळं नुसतं खटकत राहिलं. संवाद लांबलचक, प्रत्येक चौकटीत नायक मनातलं मोठ्यानं बोलतो. लेखक स्टॅन लीची ती पद्धतच होती. डोळ्यांना दिसतंय तेच शब्दांत पुन्हा कशाला, असं आजही वाटतं.

२. पैशाचं दुःख कुठल्याही देशातलं असो, लगेच कळतं. स्पायडर-मॅन म्हणजे पीटर पार्कर, काकूसोबत राहणारा मुलगा. त्याचे बेनकाका गेले आहेत, घरभाडं थकलंय. पीटर मुखवटा घालून रंगमंचावर खेळ करतो. मेहनताना म्हणून चेक मिळतो, तोही 'स्पायडर-मॅन' या नावाचा! बँकेतला कारकून ओळखपत्र मागतो. पीटर अंगावरचा पोशाख दाखवतो, तर कारकून म्हणतो, पोशाख काय, कुणीही घालेल. चेक वटत नाही. पुढे मेकाकू दागिने गहाण टाकताना त्याला दिसते. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. भिंतीवर चढणारा मुलगा आणि घरात पैसा नाही. माझ्या आईच्या पाटल्या माझ्या फीसाठी सोनाराकडे गेल्या होत्या, त्यामुळे हे पान मला परकं वाटलंच नाही.

३. चित्रं शब्दांपासून वेगळी काढून बघावीत. चित्रकार स्टीव्ह डिट्कोचा पीटर काटकुळा, खांदे पाडलेला. ताकद आली तरी अंगात पहिलवानी येत नाही, बोटं मात्र सतत काहीतरी सांगत असतात. हे मला तिसऱ्या वाचनात दिसलं, कारण तेव्हा मी संवादाचे फुगे वाचलेच नाहीत.

४. घाई लपत नाही. अंकात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीत नायकाचं आडनावच चुकलं. पार्करच्या जागी 'पामर' छापलं गेलं. ली तेव्हा एकाच वेळी अनेक मालिका लिहीत होता, हे मान्य. पण वाचकानं पैसे मोजलेले असतात. शिवाय मुखपृष्ठावर फँटास्टिक फोर हा महानायकांचा चमू आणून बसवलाय. स्पायडर-मॅन त्यांच्याकडे नोकरी मागायला जातो, आधी मारामारी, मग कळतं की तिथे पगारच नाही. कल्पना छान, पण उरकून टाकलेली. गोष्टीतला खलनायक कॅमेलिऑन तर मला पुठ्ठ्याचा वाटला.

५. वर्तमानपत्राचा मालक जे. जोना जेमसन याच अंकात, पहिल्या गोष्टीत, पहिल्यांदा येतो. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनची पृथ्वीप्रदक्षिणा फेब्रुवारी १९६२ ची, म्हणजे अंतराळवीर हा तेव्हाचा ताजा विषय. जेमसनचा मुलगाही अंतराळवीर. त्याचं यान भरकटतं, स्पायडर-मॅन जिवावर उदार होऊन त्याला वाचवतो आणि दुसऱ्या दिवशी जेमसनचं वर्तमानपत्र त्यालाच अटक करा म्हणतं. चांगलं करूनही पदरी बदनामी आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

६. फसलेल्या गोष्टीचाही शेवट वाचावा. कॅमेलिऑन अखेर पकडला जातो, पण स्पायडर-मॅनला ते ठाऊकच नसतं. आपण हरलो असं समजून तो आधीच रडत निघून गेलेला असतो. एवढ्या एका प्रसंगासाठी मी त्या गोष्टीला माफ केलं.

माझ्या लेखी पहिली गोष्ट अव्वल, दुसरी कच्ची. डिट्कोनं या मालिकेचे ३८ अंक काढले, आणि हळूहळू कच्चेपणा निघून गेला. पहिल्या अंकावर थांबू नका, निदान दहा तरी वाचा.