जुगाराच्या व्यसनाची पारख व त्यावरील उपचार

आपल्या धर्माने सांगितलेल्या सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. तरीही पेढीवर बसणारे आपण या व्यसनाचे माप गेलेल्या रकमेवरून घेतो. लाख गेले तर व्यसन भारी, हजार गेले तर हलके! हा हिशेब खोटा आहे, हे मी फार उशिरा शिकलो. माझ्या धाकट्या बंधूचे देणे मी तीन वेळा फेडले. तिन्ही वेळा त्याने शपथ घेतली आणि मोडली. मी कर्ज फेडीत होतो. रोग जागच्या जागी होता.

धान्याची प्रत आपण पोत्याच्या आकारावरून ठरवीत नाही. मूठभर नमुना तळहातावर घेऊन ओल, खडा, किडका दाणा निरनिराळा पाहतो. मानसोपचारतज्ज्ञांची रीतही अशीच आहे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथात या विकाराची नऊ लक्षणे दिली आहेत. ती गेल्या बारा महिन्यांत दिसली काय, हे पाहावयाचे असते :

१. तीच धुंदी येण्यासाठी वाढती रक्कम लावावी लागणे.
२. खेळ कमी करू जाता बेचैनी वा चिडचिड होणे.
३. सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे.
४. मनात सतत जुगाराचेच विचार घोळणे.
५. दुःख वा चिंता विसरण्यासाठी खेळणे.
६. हरलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळणे.
७. खेळाविषयी खोटे बोलणे.
८. नाती, नोकरी वा शिक्षण धोक्यात आणणे.
९. जुगारामुळे पैशाची अडचण आली की दुसऱ्यांपुढे हात पसरणे.

सहावे लक्षण व्यापाऱ्यास सहज उमगावे. मंदीत शहाणा व्यापारी तोटा सोसून मोकळा होतो. जुगाऱ्यास तोटा सोसवत नाही.

चार किंवा पाच लक्षणे असल्यास विकार सौम्य, सहा किंवा सात असल्यास मध्यम, आठ किंवा नऊ असल्यास तीव्र मानतात. अंतिम निदान मात्र तज्ज्ञानेच करावे. कारण उन्मादाच्या आजारातही माणूस बेसुमार खेळतो आणि त्याचा उपचार निराळा असतो.

विकार सौम्य असल्यास समुपदेशनाच्या थोड्या बैठका आणि पैशाचा व्यवहार घरातील दुसऱ्याच्या हाती देणे, एवढ्याने पुष्कळदा भागते. मध्यम असल्यास विचार व वर्तन बदलण्याची पद्धतशीर मानसोपचारपद्धती काही आठवडे नेमाने घ्यावी लागते. अशाच माणसांच्या परस्परसाहाय्य मंडळाचाही आधार होतो. असे पहिले मंडळ १९५७ साली लॉस एंजेलिस येथे निघाले. तीव्र विकारात मानसोपचारतज्ज्ञाकडून खिन्नता व मद्यपान यांचीही तपासणी करून घ्यावी. काहींना नाल्ट्रेक्सोनसारखे औषध देतात. आत्मघाताचे विचार बोलून दाखविल्यास मात्र लक्षणे मोजीत बसू नये. त्याला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ हा आहे.

आम्ही बेळगावकरांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. तेथवर जाण्यात कमीपणा कसला?

माझ्या बंधूची सात लक्षणे निघाली. चौथ्या वेळी मी देणे फेडले नाही. त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. पुढे एकदा त्याचा पाय घसरला, पण त्या रात्री त्याने ते आपण होऊन मला सांगितले. त्या दिवशी मला प्रथमच खऱ्या वसुलीचे समाधान लाभले.