वॉटर पोलोचा संयोजक

निवृत्तीनंतर मी म्हैसूरजवळ बेळगोळला राहतो. इथल्या पंपघरातून कावेरीचे पाणी शहराला जाते. माझी नोकरीही पाण्याकाठीच झाली : आंतरविद्यापीठ वॉटर पोलो सामन्यांत गुण लिहिणे, घड्याळ सांभाळणे आणि पुढे स्पर्धेची आखणी करणे.

खेळ तुम्हाला ठाऊक आहे. सात-सात खेळाडू, आठ मिनिटांचे चार डाव, तिसरा वैयक्तिक फाउल झाला की खेळाडू सामन्याबाहेर. हा तिसरा फाउल टेबलावरच मोजला जातो. तिथे एक रेघ चुकली तर तक्रार अर्ज येतो.

पण संयोजकाचे खरे काम स्पर्धेच्या आधीच होते. १६ संघ आले असे धरा. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे तर १६ × १५ ÷ २, म्हणजे १२० सामने. ते अशक्य. म्हणून बाद पद्धतीने चार संघ उरवायचे (१२ सामने) आणि त्यांची साखळी खेळवायची (६ सामने). एकूण १८. खेळ ३२ मिनिटांचा असला तरी घड्याळ थांबत-थांबत सामना तासभर चालतो. त्याच तलावात पोहण्याच्या शर्यतीही असतात, म्हणून दिवसाला सहाच सामने. तीन दिवसांत काम फत्ते!

आता खेळाडूच्या बाजूने बघा. आठ संघ एकच सामना खेळून परततात. दोन रात्री रेल्वेत काढून आलेला संघ सकाळी हरून संध्याकाळच्या गाडीला लागलेला मी पाहिला आहे. त्यातल्या काहींचे ते शेवटचे वर्ष होते. त्याऐवजी चार-चारचे चार गट केले तर गटांचे २४ आणि विजेत्यांच्या साखळीचे ६, असे ३० सामने होतात. दोन दिवस वाढतात. राहण्या-जेवणाचा खर्चही वाढतो. पण प्रत्येकाला तीन सामने मिळतात. माझे मत या दोन दिवसांच्या बाजूने आहे. १९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत आपण वॉटर पोलोचे सुवर्ण जिंकले होते. १९८२च्या कांस्यानंतर पदक नाही. याची कारणे अनेक असतील, पण सामने कमी मिळणे हे त्यातले एक नक्कीच.

अमेरिकेत महाविद्यालयांच्या संघटना, म्हणजे 'कॉन्फरन्स', यासाठी पूर्णवेळ आयुक्त नेमतात. हंगामभराचे वेळापत्रक, पंचांच्या नेमणुका, खेळाडूंची पात्रता, सगळे त्यांच्याकडे. तिथली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा पुरुषांसाठी १९६९ला, महिलांसाठी २००१ला सुरू झाली. आपल्याकडे हा भार यजमान विद्यापीठाचा क्रीडा संचालक इतर खेळांसोबत वाहतो. त्या पदाकडे जाण्याची वाट शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीतून जाते. पण टेबलावर बसायला आजही कुणी अडवत नाही.

तलावाची खोली मात्र स्वतः मोजा. किमान १.८ मीटर हवी. उथळ बाजूला खेळाडू उभे राहतात आणि भांडणे तिथूनच सुरू होतात.

एक गणित देतो. चार हाऊस, साखळीचे सहा सामने, दोन संध्याकाळी, रोज दोन तास. पूर्ण डाव बसणार नाहीत. किती मिनिटांचे ठेवाल? शिवाय एका संध्याकाळी तीन वेगळे सामने घेतले की एका तरी हाऊसला लागोपाठ दोनदा पाण्यात उतरावेच लागते. करून पाहा. कोणते हाऊस, ते चिठ्ठी टाकून ठरवा, आणि सूचनाफलकावर आदल्या दिवशी लावा.